विटेने मोजलेली गाडी

बळवंतराव धायगुडे सकाळी दूध घ्यायला दार उघडत, तेव्हा आधी दुधाकडे बघत नसत, दूधवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत. तो हसला तर पाणी जास्त, नाही हसला तर त्याहून जास्त, असा त्यांचा हिशेब होता. मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत गॅसवाला, इलेक्ट्रिशियन, पोस्टमन सगळे त्यांना 'धायगुडे साब' म्हणत आणि त्यांच्या दारात आपोआप ताठ उभे राहत.

हा स्वभाव काही जन्मजात नव्हता. फलटणजवळच्या खेड्यातून विशीत दिल्लीला आले आणि केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ड्रायव्हर म्हणून लागले, तेव्हा ते चांगले भाबडे होते. पण मोटारखान्यात बत्तीस वर्षं काढली की माणूस भाबडा राहत नाही. तिथे संध्याकाळी उभी केलेली गाडी सकाळी त्याच जागी दिसते, पण मधल्या वेळात ती कुणाच्या तरी मेव्हण्याच्या वरातीला जाऊन आलेली असू शकते. म्हणून बळवंतरावांनी खडूची पद्धत काढली. गाडी लावली की मागच्या टायरवरून खाली फरशीपर्यंत खडूची एक सलग रेघ ओढायची. चाक कणभर फिरलं तरी रेघ तुटते. सगळे हसायचे, पण दोन महाभाग त्या रेघेने पकडले गेले आणि मग कुणी हसेना. निवृत्त होताना साहेबांनी भाषणात सांगितलं की धायगुडेंच्या गाडीला बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही. बळवंतरावांनी हे वाक्य नंतर इतक्यांदा सांगितलं की 'बत्तीस' म्हटलं की कुमुदताई स्वयंपाकघरातून 'एक ओरखडा नाही' असं म्हणून मोकळ्या व्हायच्या.

अशा माणसाच्या ताब्यात १९९८ च्या जानेवारीत एक फ्रेंच गाडी आली.

गाडी होती दिलीपची. दिलीप हा कुमुदताईंचा पुण्याचा भाचा, गुडगावात एका परदेशी कंपनीत लागलेला. तेव्हा गुडगाव म्हणजे मोहरीच्या शेतात उगवलेल्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या भोवती सिमेंटची धूळ. दिलीपला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, देश सोडून जाणाऱ्या एका वकिलातीतल्या गोऱ्याकडून त्याने जुनी सित्रोएन एसएम घेतली. सगळे नव्या कोऱ्या मोटारींची पुस्तकं चाळत असताना हा पठ्ठ्या पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी घेऊन आला. त्यात कंपनीने त्याला तीन आठवडे बाहेरगावी धाडलं. गुडगावच्या धुळीत गाडी ठेवण्यापेक्षा मावशीच्या सोसायटीतली पत्र्याची शेड बरी, आणि बळवंतकाकांपेक्षा चांगला राखणदार तरी कुठे मिळणार?

रविवारी दुपारी ती फाटकातून आत आली, तेव्हा उन्हात खुर्च्या टाकून बसलेले सगळे उठून उभे राहिले. जुन्या पितळेच्या रंगाची, लांबलचक, जमिनीला धरून चालणारी. पुढे एका काचेच्या पेटीत सहा दिवे. इंजिनाचा आवाज असा की कुणीतरी घसा साफ करून गायला बसतंय.

"काका, हिची एक गंमत आहे," दिलीप किल्ली देताना म्हणाला, "ही उभी असली ना की..."

"दिलीप," बळवंतरावांनी हात वर केला. "बत्तीस वर्षं गाड्या चालवल्यात मी."

"हो, पण ही जरा..."

"चार चाकं आहेत ना? मग झालं तर."

दिलीपने कपाळावर हात मारला, हसला, आणि विमानाची वेळ झाली म्हणून निघून गेला. ते एक वाक्य बळवंतरावांनी पुरं होऊ दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मोटारीच्या बाबतीत भाच्याकडून ऐकून घेतील तर ते बळवंतराव कसले!

आता पद्माकर टिपणिसांबद्दल सांगायला हवं. टिपणीस समोरच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहायचे. ते निवृत्त ड्राफ्ट्समन. दोघांची ओळख गणपतीतली, तीस वर्षांपूर्वीची, आणि अरे-तुरेची. टिपणिसांचं वजन नव्वद किलो आणि बोलणं मोजून दिवसाला नव्वद शब्द. बायको गेल्यापासून त्यांचा चारचा चहा धायगुड्यांकडे असायचा. इतक्या संशयी माणसाच्या घरात बेल न वाजवता शिरणारा हा एकच प्राणी.

गाडी आली त्या दुपारी दिलीपने टिपणिसांनाही म्हटलं होतं, "काका, बसा ना आत, बघा तरी."

"नको, नको," टिपणीस घाईघाईने म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

बळवंतरावांनी हे टिपून ठेवलं. फुकट मिळणारं कोण कशाला सोडेल? आत बसायला नको म्हणतो, म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे. शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

त्याच दिवसापासून टिपणीस चहा झाला की आपली वेताची खुर्ची शेडपाशी टाकून गाडीकडे बघत बसू लागले. मांडीवर एक फाइल. दिल्लीच्या थंडीतलं चार वाजताचं तिरपं ऊन गाडीच्या कडेवरून सरकत जाई आणि हे नुसते बघत.

"काय आहे एवढं बघण्यासारखं?" बळवंतरावांनी विचारलं.

"रेषा."

"कसली रेषा?"

टिपणिसांनी हवेत बोट फिरवलं, पुढच्या दिव्यांपासून छपरावरून थेट शेपटीपर्यंत. "बघ. कुठे थांबलेली नाही. एका दमात ओढलीय. आणि पुढे रुंद, मागे निमुळती. वाऱ्याने घासून केल्यासारखी. मी एकतीस वर्षं सरकारी क्वार्टरांच्या मोऱ्या काढल्या रे. मोरी, संडास, जिना. असली एक रेघ काढायला कुणी सांगितलं नाही कधी."

एका दमात इतके शब्द बोलणं हेही टिपणिसांच्या स्वभावाबाहेरचं होतं. बळवंतरावांच्या नोंदवहीत, म्हणजे डोक्यात, हे दुसरं कलम पडलं.

त्यांचं स्वतःचं मत अगदी उलट होतं आणि ते त्यांनी सोसायटीत सगळ्यांना ऐकवलं होतं. गाडी कशी हवी? अँबॅसडरसारखी. समोरून थोरल्या चुलत्यासारखी दिसते, मागूनही थोरल्या चुलत्यासारखीच. लपवाछपवी नाही. आणि ही? "सहा डोळे, आणि तेही काचेआड. सरळ माणूस घरात गॉगल लावून बसतो का? मागची चाकं बघा, अर्धी झाकलेली. झाकायला काही असल्याशिवाय कुणी पडदा लावतं? पुढून एक रूप, मागून दुसरं. आणि स्टिअरिंगला आरी एकच! बाकीच्या काय खाल्ल्या?" शेजारचे सहगलसाहेब मान डोलवून म्हणायचे, "बिल्कुल, धायगुडेजी." टिपणीस तेव्हा फाइलीत काहीतरी करत असत, आणि बळवंतराव जवळ गेले की फाइल मिटत.

हे तिसरं कलम.

आता मुख्य गोष्ट. गाडी आली त्या संध्याकाळी बळवंतरावांनी शिरस्त्याप्रमाणे टायरवर खडूची रेघ ओढलीच, शिवाय परक्या गाडीची जास्त काळजी म्हणून दाराखालच्या पट्टीशी एक वीट आडव्या कडेवर धरून बघितली. बांधकामं चालू असल्यामुळे विटांना तोटा नव्हता. वीट आत जाऊन वर चांगली चार बोटं जागा उरली. सोमवारी दोनच बोटं उरली. मंगळवारी वीट घासून गेली. बुधवारी कडेवर जाईना, लोळवून घालावी लागली. गुरुवारी तीही वर टेकली. गाडी रोज खाली बसत होती. आणि खडूची रेघ? जशीच्या तशी. चाक तसूभर हललेलं नाही.

असं कधी होतं हे बळवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. स्प्रिंगचे पाटे बसले की होतं. मोटारखान्यात एक अँबॅसडर अशीच बसली होती. तिच्यात गव्हाची पोती भरून आठ दिवस ठेवली होती. म्हणजे गाडी कुणी नेत नाही, पण आत कुणीतरी वजनदार बसतंय. रोज, तासन्‌तास. परदेशी पाटे, नाजूक असणार.

वजनदार कोण? उत्तर शोधायला लांब जावं लागत नव्हतं. गाडीची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. ती तिथे असते हे घराबाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो रोज चारला चहाला येत होता.

"अहो, काहीतरीच काय," कुमुदताई म्हणाल्या. "पद्माकरभावजी? ते साखरेचा चमचासुद्धा विचारून घेतात."

"तेच तर. एवढं विचारून कोण घेतं?"

यावर कुमुदताईंनी हात जोडले.

बळवंतरावांना शुक्रवारी जेवण गेलं नाही. मित्रावर संशय घेतोय याचं दुःख होतं असं म्हणावं, तर तसं नव्हतं. दिलीप येणार, गाडी बसलेली बघणार, आणि बत्तीस वर्षांचं ते वाक्य मातीत जाणार, याने त्यांना घेरलं होतं. माणूस घाबरला की आपलं घर सोडून दुसऱ्याचं घर जाळायला निघतो, तसं त्यांचं झालं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता नेहमीप्रमाणे सगळी निवृत्त मंडळी ब्लॉकमागच्या हिरवळीवर ऊन खायला जमली होती. मुळे, शेंगदाणे, संत्री, गुडगावात जमिनीचे भाव काय झाले याच्या बातम्या. टिपणीस संत्रं सोलत होते. बळवंतराव हातात वीट घेऊन आले आणि ती त्यांनी टिपणिसांच्या पायाशी ठेवली.

"पद्माकर, सगळ्यांसमोर विचारतो. तू गाडीत बसतोस का?"

"कुठल्या?"

"वेड पांघरू नकोस. किल्ली कुठे असते तुला माहीत आहे. रोज माझ्या घरी येतोस, रोज संध्याकाळी तिथे बसतोस, आणि रोज गाडी खाली जाते. एकतर तू बसतोस, नाहीतर मी खोटारडा." मग बाकीच्यांसाठी त्यांनी हेच हिंदीत सांगितलं, जास्त सविस्तर. वजनाचा आकडासुद्धा सांगितला.

सहगलसाहेबांनी "अच्छा?" म्हणून टिपणिसांच्या पोटाकडे बघितलं. कुणीतरी हसलं.

टिपणिसांनी अर्धं सोललेलं संत्रं रुमालात बांधलं. खुर्ची उचलली.

"धायगुडे," ते म्हणाले, "तुम्ही किल्ली आता दुसरीकडे ठेवा."

तीस वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही'. हे बळवंतरावांच्या कानाला लागलं, पण त्यांनी त्याचाही अर्थ लावला: बघा, कसा चिडला! खरं टोचलं ना!

त्या दिवसापासून चारचा चहा दोनच कपांचा होऊ लागला. शेडपाशी खुर्ची आली नाही. बळवंतराव रोज वीट घालून बघत आणि गाडी आता आणखी खाली जात नव्हती. जाणार कुठे, ती तळाला टेकली होती. पण बळवंतरावांनी त्यातून काय काढायचं ते काढलं. टिपणीस यायचे थांबले आणि गाडी बसायची थांबली. याहून मोठा पुरावा कोणता?

पुढच्या रविवारी टिपणिसांच्या दारात टेम्पो लागला. त्यांचा मुलगा सुधन्वा याला दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेत, सोसायटीचा फ्लॅट मिळाला होता. जायचं ठरलेलंच होतं, मार्चमध्ये. ते जानेवारीतच निघाले. सामान चढवायला सगळा ब्लॉक खाली आला. बळवंतराव बाल्कनीत वर्तमानपत्र धरून उभे होते. पान त्यांनी उलटलं नाही. टेम्पो फाटकाबाहेर गेल्यावर कुमुदताई वर आल्या, कपाटात काहीतरी ठेवलं आणि दिवसभर नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दिलीप आला. बळवंतराव शेडमध्ये आधीच उभे होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

"दिलीप, आधीच सांगतो. गाडी बसली आहे. माझा दोष नाही. ज्याचा आहे तो द्वारकेला गेला."

"बसणारच ना काका!" दिलीप म्हणाला आणि त्याने आत शिरून किल्ली फिरवली.

इंजिनाने घसा साफ केला. मग गाडीचा मागचा भाग हळूच वर आला, थांबला, आणि पाठोपाठ पुढचा. म्हैस बसल्या जागेवरून उठते तशी, पण अगदी शांतपणे, न धडपडता. खाली अडकलेली वीट मोकळी झाली आणि वर चार बोटं जागा झाली.

"हिला पाटे नाहीतच," दिलीप सांगत होता. "ही तेलाच्या आणि वायूच्या दाबावर उभी राहते. बंद केली की दाब उतरतो, तीन-चार दिवसांत बसते. तेच सांगत होतो ना त्या दिवशी. काका? काय झालं?"

बळवंतराव विटेकडे बघत होते. त्यांना हिरवळ दिसत होती, रुमालात बांधलेलं संत्रं दिसत होतं. आयुष्यात त्यांना शेकड्यांनी लबाड भेटले होते. त्या सगळ्यांच्या वाटणीचा संशय त्यांनी एका माणसाच्या पायाशी नेऊन ठेवला होता, तेही सरळ माणसाच्या.

मागे कुमुदताई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात टिपणिसांची फाइल होती.

"जाताना देऊन गेले. म्हणाले, दिलीप आला की त्याला द्या. माझ्या कामाची नाही आता." त्यांनी ती दिलीपला न देता नवऱ्याच्या हातात दिली.

आत सात कागद होते. टिपणिसांची जन्माची सवय अशी की उद्याचा कागद आज रात्रीच तयार ठेवायचा: चौकट, कोपऱ्यात तारीख, तळाशी जमिनीची रेघ. पहिल्या सहा कागदांवर गाडी होती, एका कडेने बघितलेली. रविवार ते शुक्रवार. ती रेषा दिव्यांपासून निघून शेपटीपर्यंत खरंच कुठे थांबली नव्हती. आणि जमिनीपासून दाराच्या पट्टीपर्यंतचं अंतर प्रत्येक कागदावर लिहिलं होतं, रोज कमी होत जाणारं. तिसऱ्या कागदाच्या खाली बारीक अक्षरात टीप होती: 'गाडी आपोआप बसते आहे. किती सुंदर बसते! बळवंताला सांगावे, पण पूर्ण बसली की कागदासकट.'

सहाही कागदांवर गाडीच्या दाराशी एक माणूस काढला होता. ड्राफ्ट्समन लोक काढतात तसा, इमारत केवढी आहे ते कळावं म्हणून उभा केलेला. पण असली माणसं कुणासारखी नसतात. हा मात्र टाचा जुळवून, एक हात दाराच्या मुठीवर ठेवून, साहेब उतरायची वाट बघत उभा होता. गाडी कागदागणिक खाली जात होती, माणूस तेवढाच होता. खाली लिहिलं होतं: 'प्रमाणासाठी, ब. धायगुडे. पाच फूट सहा इंच.'

सातव्या कागदावर शनिवारची तारीख होती आणि जमिनीची रेघ. बाकी कोरा.

"दिलीप," बळवंतराव फाइल मिटत म्हणाले, "द्वारकेला चल."

यमुना ओलांडून, सगळी दिल्ली आडवी कापून ते गेले. वाटेत प्रत्येक सिग्नलला लोक गाडीकडे बघत होते. बळवंतराव मांडीवरच्या फाइलीकडे बघत होते.

द्वारकेची ती सोसायटी अजून अर्धीच भरली होती. रस्त्याला माती, झाडांना काठ्यांचा आधार. टिपणीस दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत होते. गाडी दिसली तशी त्यांची मान पुढे आली. मग शेजारी उभे असलेले बळवंतराव दिसले आणि ते आत गेले. दार लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

बळवंतराव उभेच राहिले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. साहेबांसाठी त्यांनी याहून जास्त वेळ काढला होता.

शेवटी टिपणीस जिन्यातून खाली आले, वेताची खुर्ची घेऊन. त्यांनी ती मातीत नीट टेकवली, गाडीपासून नेहमीच्या अंतरावर, आणि बसले.

"माझं चुकलं, पद्माकर," बळवंतराव म्हणाले. घोकून आणलेलं बाकीचं सगळं विसरले. दिलीपकडून किल्ली घेऊन त्यांनी पुढे धरली. "बस आत. दिलीप म्हणतो, हवं तेवढं बस. मी दार उघडतो."

टिपणिसांनी किल्लीकडे बघितलंही नाही.

"मला कधीच बसायचं नव्हतं रे," ते म्हणाले. "आत बसलं की ती दिसत नाही."

बळवंतरावांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी किल्ली खिशात टाकली, फाइलीतून सातवा कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. टिपणिसांनी तो घेतला. कोपऱ्यातल्या तारखेवर त्यांचा अंगठा काही वेळ थांबला.

"कोरा कागद आणतो दुसरा," बळवंतराव घाईने म्हणाले. "हा नको. तारीख..."

"तारीख हीच राहील," टिपणीस म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "तेवढं तुला सोसावं लागेल. आता दाराशी जा. सरळ उभा राहा."